‘कुंभकोणम् वकील’ आणि रहस्यकथेचे वाचनसुख

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात रहस्यकथेच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक पुस्तके लिहिली, एवढे नमूद करून अभ्यासक पुढे जातात. झुंजार आणि काळापहाड यांच्या साहसांत वाचक एवढा का रमला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे एक उत्तर महाराष्ट्राबाहेर, कावेरीकाठच्या मराठी भाषकांच्या परिसरात शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या भूमीचा आणि मराठीचा संबंध व्यंकोजीराजांच्या काळापासूनचा. १७९८ मध्ये पदच्युत झालेले अमरसिंहराजे कुंभकोणम्‌जवळच्या तिरुविडैमरुदूर येथे राहिले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे संस्थानांचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम्‌चाच. ‘बालबोध मुक्तावळी’ हे मराठी कथांचे पुस्तक सरफोजीराजांच्या काळात तंजावरास छापले गेले, ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पुढे १८५५ मध्ये राज्य खालसा झाले. घरात मराठी टिकली. बाहेरचा व्यवहार आणि शिक्षण तमिळ व इंग्रजीकडे वळले. त्यामुळे विसाव्या शतकात या घरांतील वाचकाच्या हाती करमणुकीसाठी आलेली कादंबरी बहुतांशी तमिळच असणार, असे मानणे योग्य ठरेल.

ती कादंबरी लिहिणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. जे. आर. रंगराजू यांनी गोविंदन् हा गुप्तहेर निर्माण केला. त्यांच्या ‘राजांबाळ’वर १९३५ व १९५१ मध्ये चित्रपट निघाले. दुसरे वडुवूर के. दुरैस्वामी अय्यंगार (१८८०–१९४२) तर जुन्या तंजावर जिल्ह्यातलेच. त्यांचा गुप्तहेर संन्याशाच्या रूपात वावरणारा, दिगंबर सामियार. ‘कुंभकोणम् वकील’ या कादंबरीत त्याच्यासमोर उभा आहे तो एक कपटी वकील. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने १९५० मध्ये या कथेवर ‘दिगंबर सामियार’ हा चित्रपट काढला, त्यात एम. एन. नंबियार अनेक वेषांतरांत दिसले.

खलनायक वकील असावा आणि तो कुंभकोणम्‌चा असावा, ही निवड सहज झालेली नाही. भातशेतीच्या या मुलखात जमिनीचा वाद, वाटणी, मृत्युपत्र, दत्तकविधान यांचा शेवट न्यायालयात होई. आसपासच्या चोळपुरम्‌सारख्या गावांच्या दृष्टीने कुंभकोणम् हे जसे देवळांचे, तसेच कज्जेदलालीचेही गाव. कागदावर काय लिहिले आहे हे पक्षकाराला उमगत नसे. ते वकिलाला उमगे. हे भय वाचकाच्या ओळखीचे होते. रहस्यकथेने त्या भयाला चेहरा दिला आणि शेवटच्या पानापर्यंत त्याचा पाठलाग केला. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे न लागणारा निकाल येथे एका रात्रीत लागत असे. वाचनसुखाचे मूळ, माझ्या मते, येथे आहे. गुप्तहेराला संन्याशाचे वस्त्र का दिले, याचाही उलगडा त्यातूनच होतो: ज्याला स्वतःची जमीन नाही, वारसा नाही, त्याच्यावरच अशा कामी भरवसा ठेवता येतो.

या साहित्याला ‘हलके’ म्हणण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजी लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) यांच्या रहस्यमय कादंबऱ्या भारतभर वाचल्या गेल्या. तमिळमध्ये आरणी कुप्पुस्वामी मुदलियार यांनी त्या रूपांतरित केल्या. मराठीत हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधारे उभी राहिली. म्हणजे वास्तववादी मराठी कादंबरी आणि रहस्यकथा यांचे पाणी आरंभी एकाच विहिरीतले होते. पंगती मागाहून वेगळ्या झाल्या.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जपली गेली, कारण त्यांना राजाश्रय होता. रहस्यकथेला आश्रय होता तो वाचकांचा. ती हातोहात फिरली, पाने सुटली, शेवटी रद्दीत गेली. अधिक वाचले गेले म्हणूनच हे साहित्य अधिक नष्ट झाले. त्याच्या प्रती गोळा करणे आणि ज्यांनी ती वाचली त्या वृद्ध वाचकांच्या आठवणी टिपून ठेवणे, हे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. अन्यथा आपल्या वाङ्मयेतिहासात लेखक राहतील; वाचक मात्र बेपत्ता असेल, आणि त्याचा माग काढणारा कोणी सामियार येणार नाही.