चेतापेशीतील कॅल्शियम संकेतन

चेतापेशीत विद्युत् संदेशाचे रासायनिक कृतीत रूपांतर घडवणारा दुवा म्हणजे कॅल्शियमचे आयन. विश्रांत पेशीत मुक्त आयनांची संहती बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असते. पटलावरील पंप ते सतत उपसत राहतात. म्हणूनच थोडे आयन आत शिरले, तरी तो ठळक संकेत ठरतो.

अक्षतंतूच्या टोकाशी आवेग पोहोचला, की कॅल्शियम मार्गिका उघडतात. आत आलेले आयन पुटिकांवरील सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला चिकटतात, पुटिका पटलात विलीन होतात आणि चेताप्रेषक बाहेर पडतो. हे सारे मिलिसेकंदाच्या अंशात. बर्नार्ड कॅट्झ (नोबेल पारितोषिक, १९७०) आणि रिकार्डो मिलेदी यांचा १९६७ चा बेडकाच्या चेता-स्नायू संधीवरील प्रयोग फार देखणा आहे. कॅल्शियमरहित द्रावणातील संधीवर त्यांनी बारीक काचनळीतून कॅल्शियम सोडले. विद्युत् स्पंदाच्या किंचित आधी सोडले, तर चेताप्रेषक सुटे. नंतर सोडले, तर नाही.

ग्राहक पेशीत एनएमडीए ग्राहींतून येणारे कॅल्शियम संधी बळकट करते. शिकणे व स्मरण यांचा हा एक पाया होय. मात्र पक्षाघातात ग्लुटामेट या चेताप्रेषकाच्या अतिरेकाने कॅल्शियमचा लोंढा आत येतो, विघटक विकरे जागी होतात आणि पेशी मरते.