नारू, बावडी आणि आड

आपल्या मंडळात माळव्यातल्या बावड्यांवर पुष्कळ निबंध वाचून झाले. कमानी, शिलालेख, अहिल्याबाईंची पुण्यकार्यं, सगळं आलं. राहिला तो नारू. मी पेशानं स्थापत्य अभियंता, तेव्हा हा विषय पाण्याच्या बाजूनं मांडतो.

नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला, की पायाच्या फोडातून डोकावणारी कृमीची मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकीटक गिळतो. रशियन अभ्यासक फेडचेंको यांनी १८७०च्या सुमारास हे दाखवलं. ते पाणी न गाळता जो पितो, त्याच्या अंगातून सुमारे वर्षभरानं हातभर किंवा त्याहूनही लांब दोरा निघतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला, तोही पुष्कळदा ऐन पेरणीच्या तोंडावर.

या रोगावर लस निघाली नाही, कृमी मारणारं औषधही नाही. आजही नाही. रोग खेड्यातल्या गरिबांचा. संशोधनाचा पैसा तिकडे फारसा वळलाच नाही.

मग नारू गेला कसा? १९८३-८४ मध्ये भारत सरकारनं निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. १९८४ साली सात राज्यांत ३९,७९२ रुग्ण मोजले गेले. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक त्यांत होतेच. उपाय साधे: पाणी फडक्यानं गाळणं, त्यात टेमेफॉस टाकणं, हातपंप बसवणं आणि बावडीच्या पायऱ्या बंद करून तिचा आड करणं. आडात पोहरा उतरतो, माणसाचा पाय नाही. तिथंच साखळी तुटते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

म्हणून पायऱ्यांवर भिंत घातलेली बावडी दिसली, की लगेच 'अडाण्यांनी वाट लावली' असं म्हणू नये. काही गावांत ती भिंत हेच औषध होतं. जीर्णोद्धार जरूर करावा, पण आधी ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर बघावं, गावातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारावं, की ही भिंत कधी आणि कशासाठी घातली. शिलालेखात बावडी बांधणाऱ्याचं नाव असतं. तिचं पाणी पिऊन लंगडे झालेल्यांचं नसतं. ती नोंद आपल्यालाच करायची आहे, आणि सांगणारे आहेत तोवरच ती होईल.