संवादाचा धडा : फोर्ट विल्यम ते चांदूर रेल्वे

दुसरी भाषा बोलण्याचे धाडस विद्यार्थ्यांत कसे यावे, ही चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्रजीपासून सुरू होते. मराठी हीच दुसरी भाषा म्हणून शिकवली जात होती तिथून ती सुरू केली, तर वेगळे काही हाती लागते.

1800 साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी. तेथील अध्यापक विल्यम कॅरी याने 1805 मध्ये श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले आणि त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. वाङ्मयेतिहासात व्याकरणाची नोंद होते, संवाद मागे राहतात. बंगालीसाठी त्याने 1801 मध्येच 'कथोपकथन' काढले होते. त्यात सावकार, मजूर, भांडणाऱ्या बायका आपापल्या बोलीत बोलतात. शिवाय कॉलेजात दरवर्षी जाहीर वादसभा होत. एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्यांनी खोडायचा, तोही परक्या भाषेत.

या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. साहेबासमोर बसणारा पंडित वा मुनशी पगारी होता, हुद्द्याने खालचा होता. त्याच्यापुढे लिंग चुकले, विभक्ती चुकली, तरी साहेबाचे काही बिघडत नव्हते. साहेबाची भीड चेपली ती पुस्तकापेक्षा या विषम नात्यामुळे, असे मला वाटते.

आपल्या वाट्याला नेमके उलटे आले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेला. 1867 मध्ये चांदूरवरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली. इंग्रजी आली ती वरिष्ठांची भाषा म्हणून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पुढे कित्येकांची वाक्यरचना पक्की केली, पण कागदावर. बोलायची वेळ येई ती साहेबासमोर किंवा मास्तरांसमोर, म्हणजे जिथे चूक महागात पडते तिथेच.

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी हा पेच दुहेरी आहे. ग्रिअर्सनने 1905 च्या खंडात वऱ्हाडीची रीतसर नोंद घेतली. वर्गात मात्र 'मले', 'तुले' म्हटले की अजूनही हशा पिकतो. मराठीच्या तासाला जो मुलगा असा गप्प झाला, तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेल कसा?

बाकावरच्या दोघांनी आपसांत बोलणे इथे उपयोगी पडते. एकाने एस.टी.च्या चौकशी खिडकीवर बसावे, दुसऱ्याने प्रवासी व्हावे, मग अदलाबदल. हे कॅरीच्या संवादांचेच वंशज, पण हुद्द्याचा फरक वगळून. 1979 ते 1984 या काळात बंगलोर प्रकल्प चालवणारे एन. एस. प्रभू यांचा अशा सरावावर आक्षेप होता : शिकाऊ एकमेकांच्या चुका पक्क्या करतात. आक्षेप खोटा नाही. परंतु चूक पक्की व्हायला आधी बोलावे लागते, आणि आमची अडचण त्याच्याही अलीकडची आहे. शिक्षकाने बाकांमधून फिरत ऐकावे, चुका शेवटी कुणाचे नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात. जोड्याही दर आठवड्याला बदलाव्यात. हुशाराशेजारी कच्चा कायमचा बसवला, तर साहेब आणि मुनशी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात, आणि या वेळी चुकणारा असतो मुनशी.