चित्रवाणीची बदलती रुची

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी चित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, तेव्हा लोकशिक्षण हेच तिचे ब्रीद होते. १९६७ मधील 'कृषिदर्शन' दिल्लीभोवतालच्या ऐंशी खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी होते. १९७६ मध्ये जाहिराती आल्या. १९८४ च्या 'हम लोग' मालिकेने कुटुंबनियोजनाचा बोध कथेत गुंफला. लोकांना मात्र कथाच अधिक रुचली. १९८७ मध्ये 'रामायणा'ने रविवारची सकाळ व्यापली. ३ जुलै २००० रोजी एकाच खासगी वाहिनीवर कोट्यधीश करणारी प्रश्नमंजूषा आणि सासू-सुनांची मालिका अवतरली.

या परिवर्तनास केवळ प्रेक्षकांची चंचलता कारणीभूत नव्हे. प्रसारणाचा खर्च जो उचलतो, तोच प्रेक्षक निवडतो. शासनाने शेतकरी निवडला, जाहिरातदाराने ग्राहक. करमणूक वाढली, हे खरे. परंतु ज्याच्यापाशी खरेदीची ऐपत नाही, त्याच्यासाठी कार्यक्रम कोणी करावा, हा प्रश्न उरलाच.