नांवांची वही

दूरच्या एकाद्या संगणकाला नांवानें हांक मारावी आणि त्यानें तत्काळ ओ द्यावी, याचें आतां कोणालाच नवल वाटत नाहीं. वस्तुतः जाळ्यांतून संदेश जावयाचा तर लागतो आंकडी पत्ता. नांव ही केवळ माणसाची सोय. तेव्हां नांवावरून पत्ता कोणी सांगावयाचा? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास म्हणजे एका वहीचा इतिहास आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंत ‘आर्पानेट’ हें जाळें सुरू झालें, तेव्हां वर्षअखेर त्याचीं ठाणीं अवघीं चार होतीं. चार शेजाऱ्यांचीं घरें लक्षांत ठेवावयास वही लागत नाहीं. पुढें ठाणीं वाढलीं, आणि जो तो आपापली निराळी यादी ठेवूं लागला. अखेर १९७४ च्या सुमारास ठरलें कीं, अधिकृत यादी एकच असावी व ती कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेनें राखावी. तेथील माहिती-केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइन्लर या बाई होत्या. नवें यंत्र जोडणारानें त्यांच्या कचेरीस कळवावें, तेथील मंडळींनीं तें नांव यादींत चढवावें, आणि इतरांनीं ती फाइल वेळोवेळीं उतरवून घ्यावी, असा रिवाज पडला.

ही व्यवस्था भाबडी होती, असें मी म्हणणार नाहीं. दहा वर्षें तिनें इमानानें काम दिलें, आणि तें मुख्यतः फाइन्लरबाईंच्या कचेरीच्या काटेकोरपणामुळें. परंतु १९८१ च्या ऑगस्टांत जाळ्यावर २१३ यंत्रें होतीं, तीं १९८४ च्या ऑक्टोबरांत १,०२४ झालीं. यंत्रें वाढलीं कीं यादी लांबे, आणि ती उतरवून घेणारेही तितकेच वाढत. असा भार दोन्हीं अंगांनीं चढे. शिवाय यादी दूरच्या ठाण्यास पोंचेपर्यंत तींतील कांहीं पत्ते बदललेलेही असत.

जॉन पोस्टेल यांनीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॉल मोकापेट्रिस या तरुण शास्त्रज्ञापुढें पांच योजना ठेवून त्यांतून मधला मार्ग काढावयास सांगितलें. मोकापेट्रिस यांनीं त्या पांचही बाजूस सारल्या आणि १९८३ च्या नोव्हेंबरांत आपली सहावीच मांडली! तिचें मर्म असें कीं, वही मोठी करण्याऐवजीं ती वांटून टाकावी. एकाद्या शेताची चौकशी करावयाची तर जिल्ह्याची कचेरी तालुका दाखविते, तालुका गांव दाखवितो, आणि शेत कोणाचें हें गांवचा तलाठी सांगतो. येथेंही तसेंच. ‘इन्’ या अक्षरांनीं संपणारीं नांवें कोणाकडे आहेत, एवढेंच मूळ सर्व्हर सांगतो. पुढचें पुढच्यास विचारावें. भारताला हें ‘इन्’ १९८९ सालीं मिळालें, आणि आरंभीं कित्येक वर्षें त्याचें दप्तर मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेनें सांभाळलें.

पण प्रत्येक वेळीं इतकीं दारें ठोठावीत बसणें कोणास परवडणार? म्हणून मिळालेलें उत्तर कांहीं काळ जवळ ठेवण्याची मुभा आहे, आणि तो काळ सेकंदांत त्या उत्तराबरोबरच लिहून येतो. याचा अर्थ शिळेपणा नाहींसा झाला नाहीं. त्याला मुदत घालून दिली गेली. ही गोष्ट सर्व्हर चालविणारांनीं विसरूं नये. ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, अशी मुदत असतां आज यंत्राचा पत्ता बदलला, तर उद्यांपर्यंत कित्येक लोक जुन्याच दारावर थाप मारीत राहतील. जाणता चालक आधींच ही मुदत ३०० सेकंदांवर आणतो, जुनी मुदत पुरी उलटूं देतो, आणि मगच यंत्र हालवितो. आधीं यंत्र हालवून मागाहून मुदत कमी करणें व्यर्थ होय. जुनें उत्तर तोंवर जगभर पसरलेलें असतें.

वही वांटली, तरी तिचें पहिलें पान कोणाच्या हातीं, हा प्रश्न उरलाच. २८ जानेवारी १९९८ रोजीं पोस्टेल यांनीं एक पत्र धाडून आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना विनंती केली कीं, मूळ यादी यापुढें आमच्या यंत्रावरून घ्यावी. चालकांनीं ती मानली; त्यांच्यापाशीं पोस्टेल यांचा शब्द पुरेसा होता. अमेरिकन सरकारनें हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत् झालें. पोस्टेल त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारले.

मेन्लो पार्कची ती यादी इतिहासजमा झाली खरी; परंतु तिचा वंश अगदींच खुंटलेला नाहीं. बहुतेक संगणकांत ‘होस्ट्स’ नांवाची एक लहानशी फाइल अद्यापि असते, आणि बाहेर कोणास विचारण्यापूर्वीं यंत्र सामान्यतः प्रथम तीच उघडून पाहतें. तींत बहुधा एकदोनच ओळी आढळतात, आणि त्यांतली एक त्याच्या स्वतःच्याच पत्त्याची असते.