दुष्काळानंतरचा देव

भय उत्पन्न झालें म्हणजे मनुष्य देवाकडे वळतो, हें विधान इतक्या वेळां केलें गेलें आहे कीं तें पडताळून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीं. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाहीं. ख्रिस्तपूर्व ४३० मध्यें अथेन्स शहरांत महामारी शिरली, तिचें वर्णन थ्युसिडिडीझनें केलें आहे. लोकांनीं प्रथम देवळें गांठलीं, कौल घेतले. उपाय चालेना तेव्हां तें सारें सोडून दिलें. देवाला भजणारा आणि न भजणारा सारखेच मरतात हें डोळ्यांना दिसूं लागल्यावर देवाचें भय आणि कायद्याचें भय हीं दोन्ही एकदमच गेलीं. अथेन्सच कशाला? २०२० सालीं साथीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका एस. टी.च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या. त्या आषाढांत माझ्या परिचयाचे कांहीं कट्टर नास्तिक हात जोडून बसलेले मीं पाहिले, आणि कांहीं जुने माळकरी अगदीं गप्प झालेलेहि पाहिले.

तेव्हां भीतीनंतर भक्ति येते ती कोणाला, आणि कोणत्या वाटेनें? ह्या प्रश्नाच्या विचारास तुकारामाइतकें बोलकें उदाहरण आमच्या इतिहासांत मला आढळत नाहीं. कारण येथें ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानेंच तो सांगून ठेविला आहे.

प्रसंगहि सामान्य नव्हता. १६३० सालीं दक्षिणेंत पावसानें दगा दिला. त्याच वेळीं खानजहान लोदीचा पाठलाग करण्यासाठीं आणि निजामशाही मोडण्यासाठीं शहाजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता. विजापूरकरांच्या मुरार जगदेवानें पुणें जाळून उजाड केलें तेंहि ह्याच सुमारास. आकाश आणि राज्यकर्ते एकदमच फिरले. कुत्र्याचें मांस विकलें गेल्याचें, हाडांचा भुगा पिठांत मिसळल्याचें अब्दुल हमीद लाहोरीनें बादशहानाम्यांत लिहिलें आहे; सुरतेहून आग्र्यास निघालेल्या पीटर मंडी ह्या इंग्रजानें वाटेवरील प्रेतें वर्णिलीं आहेत. बादशहानें बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये वांटण्याची आज्ञा केली. दरबारी इतिहासकाराला हा आंकडा भूषणास्पद वाटला. त्याच पानावर फौजेच्या घोड्यांनीं खाल्लेल्या दाण्याचाहि आंकडा मांडला असता तर बरें झालें असतें.

इंद्रायणीकाठीं देहू गांवीं एक कुणबी कुटुंब वाण्याचा धंदा करून होतें. महाजनकी घरांत होती, पंढरीची वारी वाडवडिलांपासून चालत आलेली, आणि विश्वंभर नांवाच्या पूर्वजाच्या काळापासूनचें विठ्ठलाचें देऊळहि घरचेंच. १६०८ हें परंपरागत जन्मवर्ष धरिलें तर दुष्काळाच्या वेळीं तुकाराम बावीस वर्षांचा होता. आईबाप आधींच गेलेले. धंदा बुडाला, पत गेली, गांवांत तोंड दाखविण्याची सोय उरली नाहीं. आणि थोरली बायको रखमाबाई अन्नावांचून तडफडून मेली. हें सारें त्यानें आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितलें आहे, आणि सांगतांना आवाज चढविलेला नाहीं.

परंतु ह्या निवेदनांत दुष्काळाच्या भीतीनें देव आठवला असा सूर मला तरी ऐकूं येत नाहीं. भीति असते तोंवर मनुष्यास कांहींतरी वांचवावयाचें असतें. येथें वांचविण्याजोगें उरलें नाहीं. उरली ती लाज. त्या लाजेंतून तो प्रथम काय करतो? नवस बोलत नाहीं, चमत्कार मागत नाहीं. घरचें देऊळ मोडकळीस आलें होतें, तें नीट करावें असें त्याच्या मनांत येतें. पुढें एकादशीचें कीर्तन. तेथेंहि आरंभीं आपला अभ्यास नव्हता हें तो मोकळेपणानें कबूल करतो. जुन्या संतांचे बोल घोकावे, आणि म्हणणारा पुढें असेल त्याच्या मागें पालुपद म्हणावें, एवढीच मजल. ज्याच्या नांवावर पुढें सुमारें साडेचार हजार अभंग जमा झाले त्याची सुरुवात ही अशी मागच्या रांगेंतली आहे.

खतांची हकीकत महीपतीनें सांगितली आहे. त्याचें भक्तलीलामृत १७७४ चें, म्हणजे सव्वाशें वर्षांनंतरचें; तेव्हां तपशील जपून घ्यावे. कुळांकडून येणें असलेल्या रकमांचीं खतें तुकाराम नदींत सोडूं लागला, तेव्हां धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला. त्याला संसार करावयाचा होता. अर्धीं खतें त्यास देऊन तुकारामानें आपल्या वांट्याचीं बुडविलीं. ह्या कथेंत मला वैराग्यापेक्षां हिशेब अधिक दिसतो. नागवलेल्या कुळांकडून जुनें कर्ज उगविणें म्हणजे काय, हें ज्याची बायको उपाशी मेली त्या सावकारास कळलें असावें. ह्या औदार्याची किंमत दुसरी बायको जिजाई हिला पुढें रोज चुलीपाशीं मोजावी लागली. चरित्रकारांनीं तिला कजाग ठरवून तो भाग सोपा करून टाकिला आहे.

संतांनीं समाजास निवृत्तीच्या नादीं लावून दुबळें केलें असा राजवाड्यांचा आक्षेप होता; उलट न्यायमूर्ति रानड्यांनीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथांत त्यांना राष्ट्रोदयाचें श्रेय दिलें. दोन्ही पक्ष परिणामावरून बोलतात. देहूच्या त्या तरुणापुढें राष्ट्र नव्हतें. पडकी भिंत होती आणि पाण्यांत टाकावयाचे कागद होते. एकांतासाठीं तो भंडाऱ्याच्या डोंगरावर जाई, आणि देहूसच परत येई. निराशेनेंहि त्यास सोडलें नाहीं. देव भेटत नाहीं म्हणून केलेलें भांडण आणि स्वतःचा तिटकारा गाथेंत जागोजाग आढळतो.

कान्होबाविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. अर्धीं खतें मागून घेणारा तो हाच. तुकारामाच्या प्रयाणानंतरचे त्याचे अभंग गाथेच्या आवृत्त्यांतून छापलेले असतात. त्यांत शांति नाहीं, समाधान नाहीं. माझा भाऊ मला परत दे, असा विठ्ठलाशीं उघड तंटा आहे, आणि शब्दहि कठोर आहेत. व्यवहारी कान्होबा देवाच्या दारीं आला तो फिर्यादी म्हणून. फिर्याद ऐकून घेणारा आंत आहे, ह्याविषयीं मात्र त्याला शंका दिसत नाहीं.