माथ्यावरचे रान

माथेरान कोणी शोधले, असे विचारले की प्रवाशांसाठी छापलेली कोणतीही पुस्तिका चटकन उत्तर देते: ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट, साल १८५०. उत्तर खोटे नाही. परंतु मॅलेटसाहेब मे महिन्यात चौक गावी मुक्कामाला असताना समोरचा डोंगर पाहून चढायला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर चौकचा पोलीस पाटील होता. डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी यांचा वावर होता, आणि पिसारनाथ महादेव तर कधीचा तेथेच बसलेला होता. म्हणजे वाट दाखवणारा आधी आणि शोध मागाहून! तरीही साहेबाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. डोंगर सर्वांनी पाहिला होता. तेथे राहायला जावे हे त्याला सुचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला, राहिला आणि लवकरच त्याने तेथे घर बांधले.

मुंबईच्या साहेबलोकांना उन्हाळा कोठे काढावा ही मोठीच विवंचना असे. महाबळेश्वर होते, पण ते लांब. हा डोंगर हाताशी होता. उंची जेमतेम अडीच हजार फूट, पण माथा सपाट, झाडी दाट आणि वारा थंड. १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येथे आला आणि त्याने आपल्या बंगल्याची जागा मुक्रर केली. गव्हर्नर आला म्हणजे मागोमाग सेक्रेटरी, वकील, व्यापारी हे आलेच. पुढच्याच वर्षी नेरळपर्यंत आगगाडी पोचली. मग पारशी, बोहरी, गुजराती शेटजींनी बंगले बांधले, तळ्याला शार्लट असे नाव मिळाले आणि कड्याच्या काही टोकांना कोणा ना कोणा साहेबमॅडमचे नाव चिकटले. लुईझा, अलेक्झांडर या मंडळींना आज कोणी ओळखत नाही. पण घोडेवाला त्यांची नावे अशी घेतो की जणू ती त्याच्याच आळीतली माणसे असावीत.

नेरळपासून वर मात्र सगळा भार माणसांवर आणि घोड्यांवर होता. ज्याची ऐपत असेल तो तट्टावर किंवा डोलीत, बाकीचे पायी. ट्रंका, वळकट्या, साहेबाच्या बाटल्या हे सर्व हमालाच्या डोक्यावर. गारव्याला जाणाऱ्याचा घाम दुसऱ्याने गाळायचा, ही माथेरानची पहिली रीत. पुढच्या सगळ्या कथेत ही रीत या ना त्या रूपाने भेटत राहते.

ती थोडी तरी मोडली ती आगगाडीने. आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे बोहरी व्यापारी; लष्कराला तंबू आणि बूट पुरवून त्यांनी पैसा मिळवला. अशी आख्यायिका सांगतात की एकदा ते माथेरानला जायला म्हणून नेरळला उतरले, पण वर जायला वाहन मिळेना. तेव्हा ‘आता येईन तो स्वतःच्या गाडीतून’ असे म्हणून ते परत फिरले. शेटजी खरोखर असे रुसले होते की नाही, कोण जाणे. पण गाडी झाली हे खरे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू केले आणि १९०७ साली ते तडीस नेले. खर्च आला सोळा लाख रुपये, आणि तोही खाजगी खिशातून. त्या काळचा सोळा लाखांचा आकडा वाचताना आजही छाती दडपते.

रूळ अवघे दोन फूट रुंद, लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी विसास एक. कडा फोडून सरळ वर जाणे शक्य नव्हते, म्हणून गाडी डोंगराला वळसे घालत जाते. आता डावीकडे दिसलेली दरी घटकाभराने उजवीकडे येते. बोगदा सबंध वाटेत एकच, आणि तोही इतका छोटा की त्याचे ‘वन किस’ हे नाव ऐकून घरातली वडील मंडळी खिडकीबाहेर पाहू लागतात. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांत एक युक्ती होती: पुढची आणि मागची चाके वळणावर किंचित आडवी सरकत, म्हणून अवघड वळणेही गाडी बिनबोभाट घेई. वाफेची ती इंजिने १९८२ पर्यंत चालली. त्यांची जागा डिझेलने घेतली. २००५ च्या जुलैतल्या महापुराने मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. पावसाळ्यात नेरळहून ती आजही निघत नाही. तेव्हा धावते ती फक्त अमन लॉजपासून वरचा तुकडा.

१९०५ साली माथेरानला नगरपालिका मिळाली आणि रेल्वेने मध्यमवर्गाची वाट मोकळी केली. बंगल्यांच्या जोडीला खाणावळी आल्या, लॉज आले, बाजारात चिक्की आणि चपला आल्या. गिरगाव-दादरचा कारकून मे महिन्यात किंवा दिवाळीत बायकोमुले घेऊन वर जाऊ लागला. साहेबाच्या हवेचे ठिकाण मुलांच्या सुट्टीचे ठिकाण झाले. याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हवा नव्हे, मोटारींचा अभाव हे आहे. मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे लाल मातीचा रस्ता आणि झाडांची सावली. तेथे आई मुलाचा हात सोडू शकते. मुंबईच्या आईला याहून मोठी चैन कोणती?

या हौसेच्या गावानेच एक वेगळा माणूस घडवला, तो प्रवाशांच्या पुस्तिकांत सहसा नसतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. डोंगराखालच्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी त्यांनी शाळा काढल्या, धान्याच्या कोठ्या उभारल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. खालून वर ओझी चढत होती, आणि वरचा हा माणूस खाली उतरून ओझी वाहणाऱ्यांत जाऊन मिसळला.

ओझ्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मोटार नाही म्हणून दोन चाकांची हातरिक्षा होती: पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे, आणि वर बसलेला प्रवासी हवा किती स्वच्छ आहे ते सांगतो आहे. २००३ साली सरकारने माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले. झाडांना कायद्याचे छत्र मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याच कायद्याच्या आधाराने माणसाच्या खांद्यावरचे जूही टिकले. रिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच बॅटरीवरची रिक्षा मागितली. घोडेवाल्यांना ती नको होती, कारण चारशेहून अधिक घोड्यांच्या पाठीवर त्यांची घरे चालतात. दोन्ही बाजूंना पोट आहे. म्हणूनच हा तंटा लवकर मिटेना. डिसेंबर २०२२ मध्ये बॅटरीच्या रिक्षा प्रयोग म्हणून धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा अमानुष ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि बॅटरीच्या रिक्षा भाड्याने द्यायच्या त्या खऱ्याखुऱ्या ओढणाऱ्यांनाच, असे बजावले. मॅलेटसाहेब चौकहून चढून गेला, त्याला तेव्हा पंचाहत्तराहून शंभर अधिक वर्षे झाली होती.